रेषेवरची समान अंतरे : मराठी अक्षरांच्या इतिहासातील एक धागा



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालविली जाते ते सकाळी गणित आणि दुपारी मराठी शिकवीत असत, असे मला निमंत्रणाच्या पत्रात कळविण्यात आले. तेव्हा विषयही असा निवडावा की, जो या दोन तासांच्या मधल्या सुट्टीत बसेल, असे मनात आले. आजचा विषय ऐकून कोणी हसले तरी माझी हरकत नाही. संगणकावर रेखाचित्रे काढण्याच्या ज्या आज्ञावल्या असतात, ज्यांतील चित्रणाला व्हेक्टर असे म्हणतात, त्यांत एक साधी सोय असते. दहा-बारा आकृती निवडाव्यात, एक रेषा निवडावी आणि आज्ञा द्यावी. क्षणात त्या आकृती रेषेवर सारख्या अंतराने उभ्या राहतात. लग्नपत्रिकेच्या कडेची वेलबुट्टी, शाळेच्या शिक्क्यावरील गोलाकार नाव, दुकानाची पाटी, सर्वत्र हीच आज्ञा राबत असते.

यात इतिहास कोठे आला? माझे म्हणणे असे की, मराठी मुद्रणाचा चारशे वर्षांचा इतिहास हा याच एका आज्ञेच्या शोधाचा इतिहास आहे. आपले अक्षर म्हणजे एक आकृती. शिरोरेखा म्हणजे एक रेषा. आणि त्या रेषेवर अक्षरे नीट अंतराने मांडावयाची. हाताला हे सहज जमत होते. यंत्राला ते जमेना. यंत्राला जमत नाही म्हणून लिपीनेच आपले रूप टाकावे, अशी मागणी आपल्या विद्वानांनी कितीदा तरी केली. थोडक्यात वाचलो, एवढेच म्हणावयाचे.

प्रथम हाताकडे पाहू. मोडी लिहिणारा कारकून कागदाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आधी रेघ ओढीत असे आणि मग तिला अक्षरे टांगीत असे. शब्द तोडण्याची पद्धत नव्हती; बोरू शक्य तो उचलावयाचा नाही. म्हणजे रेषा आधी, आकृती नंतर. बाळबोधीत क्रम उलटा. अक्षरे आधी आणि शब्द पुरा झाल्यावर त्याच्या डोक्यावर रेघ. पोथ्या लिहिणारे लेखक ओळींची अंतरे सारखी राहावीत म्हणून दोरे ताणून बसविलेल्या पाटीवर कागद दाबीत आणि कागदावर उमटलेल्या वळांच्या आधाराने लिहीत. आपल्या घरांतील स्त्रियाही हेच काम भोके पाडलेल्या कागदाने करीत आल्या आहेत. रांगोळीचे ठिपके त्याने सारख्या अंतरावर पडतात, आणि ठिपका चुकला की पुढचे सारे चित्र चुकते, हे दहा वर्षांच्या मुलीलाही ठाऊक असते. ओळींची व ठिपक्यांची अंतरे अशी साधनाने बांधता येतात. अक्षराअक्षरांतील अंतर मात्र कोणी मोजीत नसे. ते हाताच्या लयीतून येई.

आता आपल्या सासष्टीकडे येऊ. गोव्यात मुद्रणयंत्र आले १५५६ साली, आणि ते भारतातले पहिले. फादर थॉमस स्टीफन्स येथे आले १५७९ मध्ये. त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रायतूर येथे १६१६ मध्ये छापले गेले. मराठी ओव्यांचा हा ग्रंथ रोमन अक्षरांत छापावा लागला. याचे कारण अनेकदा धर्मसत्तेच्या धोरणात शोधले जाते. परंतु स्टीफन्स यांनी १६०८ साली आपल्या संघाच्या प्रमुखांना रोमला धाडलेले एक पत्र उपलब्ध आहे. त्यात त्यांनी इच्छा व्यक्त केली आहे ती या भूमीच्या भाषेत आणि या भूमीच्याच लिपीत पुस्तके छापण्याची, आणि अडचण सांगितली आहे ती साच्यांची. युरोपात चोवीस साचे पुरतात. येथे अक्षर म्हणजे संपूर्ण उच्चार, त्यामुळे सहाशेच्या घरात साचे लागतील. तमिळ लिपीला हे जमले होते. त्या लिपीचे खिळे १५७७ मध्ये गोव्यातच तयार झाले आणि १५७८ मध्ये कोल्लम येथे त्यांनी पुस्तक छापले गेले. आपल्या लिपीला ते भाग्य लाभले नाही. ‘ख्रिस्तपुराणा’ची संपूर्ण देवनागरी आवृत्ती शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून काढली ती १९५६ साली, म्हणजे मूळ मुद्रणानंतर ३४० वर्षांनी.

सहाशे हा आकडा लक्षात ठेवावा. स्टीफन्स यांनी लिपीकडे पाहिले ते सुट्या तुकड्यांचा संग्रह म्हणून. मुद्रणयंत्रासाठी दुसऱ्या कोणत्या दृष्टीने पाहणार? क, का, कि, की, कु, शिवाय क्य, क्र, क्ष अशी जोडाक्षरे. प्रत्येकाचा वेगळा तुकडा करावयाचा तर संख्या वाढतच जाते.

तुकडे न करता छापण्याचाही एक मार्ग होता, आणि तो म्हणजे सबंध पानच चित्र मानणे. आम्स्टरडॅम येथे १६७८ मध्ये ‘होर्तुस मलबारिकुस’ या वनस्पतिग्रंथाचा पहिला खंड निघाला. त्यात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट या तिघा कोकणी वैद्यांचे नागरी लिपीतील निवेदन कोरीव पत्र्यावरून छापलेले आहे. गोमंतकीयांनी ते पान अवश्य पाहावे. तीच युक्ती पुढे आपल्याकडेही झाली. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात एका तांबटाला तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे उलटी कोरण्याचे शिक्षण मिळाले होते. नाना १८०० मध्ये वारले. तो कारागीर मिरजेस पटवर्धनांच्या आश्रयाला गेला आणि तेथे १८०५ मध्ये भगवद्गीता छापली गेली. योगायोग असा की, त्याच १८०५ साली श्रीरामपूर येथे विल्यम कॅरे यांचे मराठीचे व्याकरण सुट्या देवनागरी खिळ्यांनी छापले गेले. पंचानन कर्मकार यांनी तेथे घडविलेल्या अक्षरशाळेचे ते फळ. एकाच वर्षी मिरजेत अखंड चित्र आणि श्रीरामपुरात सुटे तुकडे! पुढची पावणेदोनशे वर्षे तुकड्यांची ठरली, कारण कोरलेला पत्रा एकाच पानाच्या उपयोगाचा, आणि खिळे मात्र सोडवून पुन्हा जुळविता येत. शिळाछापाने मध्यंतरी चित्राचा पक्ष पुन्हा उचलून धरला. गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये छापलेले पंचांग शिळेवरचे होते, आणि शिळाछापाच्या पोथ्यांतील अक्षराचे वळण आजही डोळ्यांना सुख देते. तरी व्यवहार खिळ्यांचाच राहिला.

मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी देवनागरी खिळे सुधारले. त्याच छापखान्यात लहान वयात खिळे घासण्याच्या कामावर लागलेले जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये स्वतःची टंकशाळा काढली आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना. राणोजी रावजी आरू यांनी कोरलेल्या अक्षरांवर निर्णयसागरचा लौकिक उभा आहे. संस्कृत ग्रंथांची ती छपाई ज्यांनी हाताळली आहे त्यांना अधिक सांगणे नको.

जुळाऱ्याचे काम आजच्या विद्यार्थ्यांनी पाहिलेले असण्याचा संभव नाही, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. जुळारी उभा राहून केसमधून एकेक खिळा उचलतो आणि डाव्या हातातील स्टिकमध्ये लावतो. प्रत्येक खिळ्याच्या माथ्यावर शिरोरेखेचा एक तुकडा असतो. खिळ्याला खिळा भिडला की रेघ सलग दिसावी अशी अपेक्षा. नवा टाइप असेतोवर ती सलग दिसते. झिजला की, शब्दाच्या डोक्यावर पांढरे चिरे पडू लागतात. मात्रा, रफार, अनुस्वार वरच्या थरात, उकार खालच्या थरात, असे काही छापखान्यांत एका ओळीचे तीन थर जुळवावे लागत. ओळ भरत आली की खरे कसब. शेवटी उरलेली जागा शब्दांच्या मधल्या फटींत वाटून द्यावयाची, म्हणजे उजवी कड सरळ येते. सहा शब्द असतील तर फटी पाच. मी महाविद्यालयात असताना वार्षिक अंकाची मुद्रिते घेऊन छापखान्यात तासन्‌तास बसत असे. तेथील एक वयोवृद्ध जुळारी ही वाटणी बोटांनीच करीत. मनातल्या मनात भागाकार करतात की काय, असे वाटे. मात्र स्वल्पविरामानंतरची फट ते किंचित कमी ठेवीत, कारण स्वल्पविरामाच्या वरची जागा आधीच मोकळी असते. हे भागाकारात येत नाही. ते डोळ्यात असते.

हा भागाकार यंत्राने केला तो अमेरिकेत. लायनोटाइप यंत्र १८८६ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘ट्रिब्यून’ पत्राच्या छापखान्यात चालू झाले. त्यात शब्दांच्या मध्ये पोलादी पाचरी पडत. ओळ जुळली की सर्व पाचरी खालून एकदम वर ढकलल्या जात, आणि ओळ घट्ट भरेपर्यंत सगळ्या फटी एकसारख्या रुंदावत. समान अंतराचा प्रश्न गणिताशिवाय, केवळ पाचरीने सोडविणारी ही कल्पना मला फार हुशारीची वाटते. टॉल्बर्ट लॅन्स्टन यांच्या मोनोटाइपने, ज्याचे पहिले एकस्व १८८७ मधले, उलट मार्ग धरला. प्रत्येक अक्षराची रुंदी अठरांशांत मोजावयाची, ओळीत उरलेली जागा फटींच्या संख्येने भागावयाची आणि तेवढ्या रुंदीची फट ओतावयाची. आजचा संगणक करतो ते दुसरे काय आहे?

ही दोन्ही यंत्रे रोमन लिपीसाठी घडलेली. लायनोटाइपच्या एका पेटीत वाटा नव्वद. साच्यातील अक्षराचा भाग शेजाऱ्यावर झुकू शकत नाही. आपल्या वेलांट्या, रफार, मात्रा यांचा तर स्वभावच शेजाऱ्यावर झुकण्याचा! हरी गोविंद गोविल यांनी १९३०च्या दशकात देवनागरी लायनोटाइपवर बसविली, हे कर्तृत्व मोठेच. पण त्या नव्वद वाटांनी आपल्याकडे जी चळवळ जोरात आणली ती लिपिसुधारणेची. सावरकरांनी अ-च्या बाराखडीचा पुरस्कार केला, त्यात इ, ई, उ, ऊ या स्वरांची स्वतंत्र चिन्हे जातात आणि अ-ला काना-मात्रा लागतात. लखनौ येथे १९५३ साली भरलेल्या परिषदेने ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डाव्या बाजूची काढून उजवीकडे न्यावी असे ठरविले; चारएक वर्षांतच तो निर्णय मागे घ्यावा लागला.

या सुधारकांच्या हेतूविषयी मला शंका नाही. वृत्तपत्रे वेगाने छापली जावीत, साक्षरता वाढावी, ही त्यांची तळमळ खरी होती. पण निदान चुकले होते, असे माझे मत आहे. दोष लिपीत नव्हता; अक्षर म्हणजे चौकोनी शिशाचा ठोकळा या समजुतीत होता. ज्या गुजराती लिपीने शिरोरेखा टाकली तिला सांध्याचा जाच राहिला नाही, हे खरे. पण तिने ती लेखणीच्या सोयीने टाकली, यंत्राच्या हुकमाने नव्हे. बापूराव नाईक यांनी ‘टायपोग्राफी ऑफ देवनागरी’ हा त्रिखंडात्मक ग्रंथ १९७१ मध्ये सिद्ध केला. या विषयाचा अभ्यास करणाऱ्याला तो टाळून पुढे जाता येत नाही.

ठोकळा मोडला तो अगदी अनपेक्षित ठिकाणी, फ्रान्समधील मोटारींच्या कारखान्यांत. मोटारीच्या पत्र्याचा बाक कागदावरून कारागिराकडे जाताना बदलत असे. तो संख्यांत कसा सांगावा, यावर सिट्रोएनमध्ये पॉल द कास्तेल्जो यांनी १९५९ मध्ये, आणि रेनोमध्ये पिएर बेझिए यांनी १९६०च्या दशकात उत्तर काढले. कंपनीने कास्तेल्जो यांचे काम गुप्त ठेवले, म्हणून वक्राला नाव बेझिए यांचे मिळाले. दोन टोके आणि मध्ये वक्राला आपल्याकडे ओढणारे दोन बिंदू, एवढ्यावर हवा तो बाक सांगता येतो. दरम्यान आयव्हन सदरलँड यांनी १९६३ मध्ये संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढून दाखविल्या होत्या. अडोबी कंपनीची पोस्टस्क्रिप्ट भाषा १९८४ मध्ये आली, इलस्ट्रेटर १९८७ मध्ये, कोरलड्रॉ १९८९ मध्ये. अक्षर आता शिसे राहिले नाही. बेझिएच्या वक्रांनी वेढलेली एक आकृती झाले. मिरजेच्या तांबटाचे अखंड चित्र आणि श्रीरामपूरचा सुटा तुकडा, दोन्ही एकाच वस्तूत आले.

आता मूळ आज्ञेकडे. सरळ रेषेवर सारखी अंतरे देणे हे पाचवीचे गणित आहे. १२० मिलिमीटर लांबीच्या रेषेवर १२ मिलिमीटर रुंदीची पाच फुले मांडावयाची. फुलांनी ६० व्यापले, उरले ६०, फटी चार, प्रत्येक फट १५. पाचने भागणारा विद्यार्थी फसतो. हीच फुले वर्तुळावर मांडली तर मात्र फटी पाचच होतात, कारण शेवटचे फूल पुन्हा पहिल्याच्या शेजारी येते. आकृती कमीजास्त रुंदीच्या असल्या की आणखी एक प्रश्न उभा राहतो. मध्यबिंदूंतील अंतर समान ठेवावे की कडांमधील फटी? आज्ञावली दोन्ही देते, आणि दोहोंची फळे भिन्न येतात.

वक्ररेषेवर गणित अवघड होते. बेझिएच्या वक्रावर बिंदू ० पासून १ पर्यंतच्या एका संख्येने चालतो. ही संख्या चार समान भागांत वाढविली तर बिंदू समान अंतरावर पडतील, असे कोणालाही वाटेल. तसे होत नाही. अगदी साधे उदाहरण घ्या. तीन बिंदूंचा, द्विघाती वक्र; पहिला आणि ओढणारा बिंदू दोन्ही ० वर, शेवटचा १०० वर. वक्र कसला, सरळ रेघच ती. पाव, अर्धा, पाऊण आणि एक या संख्यांना बिंदू पडतात ६.२५, २५, ५६.२५ आणि १०० वर. मधली अंतरे ६.२५, १८.७५, ३१.२५, ४३.७५, म्हणजे १, ३, ५, ७ या प्रमाणात. वरून सोडलेला दगड समान कालखंडांत जी अंतरे तोडतो त्यांचे गॅलिलिओने सांगितलेले प्रमाण हेच, हा सुंदर योगायोग गणिताच्या शिक्षकांनी वर्गात अवश्य सांगावा. तेव्हा समान अंतरासाठी वक्राची लांबीच मोजावी लागते. चार बिंदूंच्या वक्राच्या लांबीला सर्वसाधारण असे सोपे सूत्र नाही. म्हणून संगणक वक्राचे बारीक बारीक सरळ तुकडे पाडतो, त्यांची बेरीज करतो आणि त्या बेरजेचे समान भाग करतो. दोरा लावून वेलबुट्टी मोजणाऱ्या कासाराची रीत याहून फार वेगळी नव्हती.

हे सारे आकृतींचे झाले. आपल्या अक्षरांना ही आज्ञा जशीच्या तशी मानवत नाही. पुण्याचे सी-डॅक १९८८ मध्ये स्थापन झाले आणि तेथील जिस्ट तंत्राने भारतीय लिप्या संगणकावर रुळविल्या. पियूष घोष यांनी १९८३ मध्ये भारतीय लिप्यांच्या अक्षररचनेवर स्टॅनफर्ड येथून अहवाल लिहिला. कवी आणि सुलेखनकार र. कृ. जोशी यांनी मुंबईत या प्रश्नाला आयुष्य दिले. विंडोजवरील ‘मंगल’ हे वळण त्यांचे. ते २००८ मध्ये निवर्तले. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती निघाली, आणि त्या शतकाच्या अखेरीस आलेल्या ओपनटाइपमुळे एका फाँटमध्ये जोडाक्षरांच्या हव्या तेवढ्या आकृती ठेवता येऊ लागल्या. स्टीफन्स यांचे सहाशे साचे आज एका बोटभर चकतीवर मावतात, आणि वेलांटी आपल्या जागी, डावीकडेच आहे.

तरी पाट्यांवर काय दिसते? शब्द जागेत भरावा म्हणून अक्षरांतील अंतर वाढविले जाते. रोमन अक्षरांना ते शोभते. देवनागरीत मात्र शिरोरेखेचे तुकडे होतात आणि शब्द सुटलेल्या मण्यांसारखा विखुरतो. फाँटमध्ये शेजारच्या अक्षरांच्या रेघा केसभर एकमेकींवर चढविलेल्या असतात. अंतर वाढविताच तो सांधा उघडा पडतो. शब्द रुंद करावयाचा तर अक्षरे दूर सारून शिरोरेखा पुन्हा एकसंध ओढली पाहिजे. तीही थ, ध, भ यांच्या डोक्यावर जेथे मोकळी असावी तेथे मोकळी ठेवून. नाहीतर ‘धर’चे ‘घर’ होते आणि ‘भरण’चे ‘मरण’! पाटी रंगविणाऱ्याच्या ब्रशाला हे ठाऊक होते.

कमानीवरच्या नावाची गत अधिक वाईट. वक्रावर अक्षरे चढविण्याची सोय रोमन लिपी मनात धरून केलेली आहे. त्या लिपीची अक्षरे तळरेषेवर उभी असतात. आपली अक्षरे वरच्या रेषेला टांगलेली. तळाच्या वक्रावर देवनागरी चढविली की माथे फाकतात आणि शिरोरेखेत पाचरीच्या आकाराच्या फटी पडतात. शिवाय प्रत्येक अक्षरावरचा रेघेचा तुकडा सरळच राहतो. कमान गोल आणि रेघ कोनाकोनांची, असे विचित्र दृश्य तयार होते. कित्येक देवळांच्या नव्या कमानींवर ते मी पाहिले आहे.

उपाय कठीण नाही. या शाळेच्या प्रवेशद्वारावर नवी कमान उभारली जाणार आहे असे मुख्याध्यापकांनी मला सांगितले, म्हणून तो येथेच सांगून ठेवतो. अक्षरांच्या प्रथम आकृती कराव्यात आणि त्यांच्या डोक्यावरची रेघ छाटून टाकावी. कमानीचा वक्र हीच शिरोरेखा मानून ती आधी एकसंध काढावी. मग मोडीच्या कारकुनाप्रमाणे त्या रेषेला अक्षरे टांगावीत. अंतर प्रथम यंत्राकडून समान करून घ्यावे. त्यानंतर र आणि ग यांच्याजवळची जागा थोडी आवळावी, ज्ञ आणि क्ष यांना थोडी सैल सोडावी, आणि दहा पावले मागे जाऊन पाहावे. शब्दांच्या मधे रेघ तोडावयाची असेल तर ती सर्वांत शेवटी तोडावी. रंगाऱ्याला हा कागद दाखविण्यापूर्वी चित्रकलेच्या शिक्षकांनी तो एकदा भिंतीवर प्रत्यक्ष उंचीला लावून पाहिला तर बरे, कारण खालून वर पाहताना अक्षरांच्या उंच्या आखूड भासतात.